बाहुलीची गिटार वाकते तेव्हा

प्रश्न : मुलीच्या बाहुलीसाठी पुठ्ठ्याची गिटार केली. दोरे ताणले की मान पुढे वाकते. काय चुकतंय?

उत्तर : पुठ्ठा कापायची दिशा चुकली असावी. कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला असतात. त्यांच्या बाजूने घडी सहज पडते, आडवी घातली तर कागद कुरकुरतो. मान तंतूंच्या लांबीनेच कापा. मी तीन पट्ट्या एकावर एक चिकटवून रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवते. गोंद पातळ नको, ओला कागद वाकडाच वाळतो. शिवणाचे सहा दोरे, ताण सरळ राहण्यापुरताच. खरी गिटार साधारण १ मीटर, म्हणून माणसाच्या सहाव्या हिश्शाएवढ्या बाहुलीला १६-१७ सेंटीमीटर पुरे. मधलं भोक मात्र खरंच कापा, काळं रंगवू नका. आतला अंधार दिसला की ती वाजेल असं वाटतं!