दुःखातून करुणा, प्रकाश आणि सर्जनशीलता खरोखर मिळते का? रोजच्या जगण्यात ती शोधावी कशी?

आपण लिहिले आहे की वर्षभर घरात आजारपण आहे, भेटायला येणारा प्रत्येक जण 'यातूनच करुणा जागी होते, आतला प्रकाश दिसतो, नवे काही सुचते' असे सांगून जातो, आणि आपल्याला मात्र रोजच्या दिवसात यांपैकी काहीच सापडत नाही. तेव्हा शोधावे कसे? ज्यांनी आपल्याला हे सांगितले ते रात्री पुरेसे झोपलेले असणार, एवढे मी त्यांना न पाहताही सांगू शकते. आमच्या घरी हे वाक्य माझा थोरला भाऊ म्हणत असे आणि अजूनही, भाषणांतूनही, म्हणतो. त्यामुळे पुढे कुठे सूर तापलेला वाटला, तर तो आपल्याला उद्देशून नाही.

वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. अगदी सगळी गेली नाही. एक शब्द उरला, 'नंतर'. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की असे होऊ शकते: काय म्हणायचे ते माणसाच्या मनात असते, दुसऱ्याचे बोलणे बऱ्यापैकी समजते, पण तोंडातून तेच एक अक्षर किंवा तोच एक शब्द निसटत राहतो. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्या रुग्णावरून वाचेचे मेंदूतील स्थान दाखवून दिले, त्या लबोर्न्यकडे 'तान' एवढाच उच्चार उरला होता आणि पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात सगळे त्याला त्याच नावाने ओळखत. तो तेथे २१ वर्षे होता. ब्रोका यांच्यासमोर आला तो मृत्यूच्या आधी जेमतेम आठवडाभर. हे सारे मी पहिल्याच महिन्यात वाचून काढले होते. त्याचा मला काहीही उपयोग झाला नाही, कारण मी त्यातला मेंदू तेवढा वाचला. २१ वर्षे तो माणूस एका उच्चारावर आणि हातवाऱ्यांवर भोवतालच्यांशी कसा बोलला असेल, आणि ते समजून घेणारे कोणी होते का, हा प्रश्न मला शिवलाही नाही.

'नंतर' हा बाबांचा आयुष्यभराचा शब्द होता. आम्ही खेळायला बोलावले की नंतर, शाळेतली गंमत सांगायला गेलो की नंतर. तोच नेमका उरावा, याचे मला आधी हसू आले आणि पुढे त्याची भीती वाटू लागली, कारण त्या शब्दाला अर्थ होता. 'पाणी हवे का?' असे विचारले की ते 'नंतर' म्हणत आणि मी भांडे उचलून निघून जाई. 'कुशीवर वळवू का?' 'नंतर.' मी वळवत नसे. 'तान'सारखे निरर्थक काही उरले असते, तर मी कदाचित थांबून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले असते. अर्थाचा शब्द हाती आल्यामुळे मला थांबण्याची गरज भासली नाही, आणि खरे सांगायचे तर ते माझ्या सोयीचेही होते.

त्या पहिल्या पाच महिन्यांत माझ्यात करुणा वाढली का? मुळीच नाही. मी तुसडी झाले, हिशेबी झाले. एका संध्याकाळी त्यांच्या डाव्या हातून पाण्याचे भांडे अंथरुणावर पालथे झाले, तेव्हा मी त्यांना 'तुम्ही हे मुद्दाम करता ना?' असे विचारले. ते 'नंतर' म्हणाले. मी खोलीचे दार लावून घेतले आणि अर्धा तास उघडले नाही. मी रडत असे, हे खरे, आणि त्या रडण्यालाच मी माया समजत होते. पाचव्या शतकातील बौद्ध आचार्य बुद्धघोष यांनी करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत: दूरचा शत्रू क्रूरता, आणि जवळचा शत्रू शोक. दूरचा लगेच ओळखू येतो. जवळचा करुणेसारखाच दिसत असल्यामुळे घरात बिनधास्त वावरतो. आमच्याकडे दोघेही एकाच खोलीत राहत होते.

वाचेच्या उपचारांसाठी आम्ही आठवड्यातून दोनदा जात असू. बाहेर एक लांब बाक होता आणि त्यावर जवळपास दर वेळी एक काकू बसलेल्या असत. त्यांच्या यजमानांचे ४० मिनिटांचे सत्र चालू असे. एकदा मी बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवून, एका हाताने फोनवर दादाशी बोलत, दुसऱ्या हाताने कागदपत्रे शोधत होते. मध्येच मी बाटली पुढे केली, बाबा 'नंतर' म्हणाले, मी बाटली पिशवीत टाकली.

"अगं, त्यांना तहान लागली आहे," काकू म्हणाल्या.

"विचारले मी. नंतर म्हणाले."

"हो, पण हे 'नंतर' वर चढले. मघाशी तू शाल घालायला गेलीस, तेव्हाचे खाली उतरले होते. तेव्हा नको होती."

मी फोन ठेवला आणि बाटली त्यांच्या ओठांना लावली. बाबा न थांबता ती संपेपर्यंत प्यायले. प्यायल्यावर त्यांनी पाहिले ते माझ्याकडे नाही, काकूंकडे. ती नजर मला आजही आठवते आणि आजही लागते.

काकूंना कोणी देवमाणूस समजू नये. त्या नको तितक्या चौकश्या करत, इतर रुग्णांच्या नातेवाइकांना न मागितलेले सल्ले देत, आणि स्वतःच्या यजमानांवर त्यांचा आवाज चांगलाच चढे. पुढे मी त्यांना विचारले की तुम्हाला हे कसे कळले, तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, "चाळीस मिनिटे बसून करायचे काय? ऐकत होते." त्यांनी माझ्यापेक्षा जास्त सोसले होते म्हणून त्यांना ऐकू आले, असे मी दादासारखे म्हणणार नाही. त्यांचे हात रिकामे होते आणि माझे नव्हते, एवढाच फरक होता.

जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला त्यानंतर समजला. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण करायचे होते. काहींचा विषय वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधील कथा हा होता, इतरांचा साधा नोकरीविषयीचा. वाटेत एक माणूस दाराशी खोकत, कण्हत पडलेला होता. तो अर्थातच प्रयोगाचा भाग होता. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते, त्यांच्यापैकी १० टक्के मदतीला थांबले. ज्यांना थोडी घाई होती, त्यांच्यापैकी ४५ टक्के. ज्यांच्यापाशी वेळ होता, त्यांच्यापैकी ६३ टक्के. करुणेवर बोलायला निघालेले आणि नोकरीवर बोलायला निघालेले यांच्यात मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. हे मी दादाला वाचून दाखवले. तो म्हणाला, ४० पोरांवरून माणसाच्या आत्म्याविषयी काही ठरत नाही. ठरत नसेल, पण त्याच्या भाषणांविषयी ठरते, असे माझे मत आहे.

प्रश्नातल्या सर्जनशीलतेविषयी सांगायचे, तर आमच्याकडे ती एका रेघांच्या वहीच्या रूपाने आली. काकूंनी पेन्सिलीने 'नंतर'च्या चालीच्या पहिल्या दोन रेघा काढून दिल्या, एक चढती आणि एक उतरती. मी पुढे काढत गेले. पहिले अक्षर लांबवले की चष्मा. दोन अक्षरांमध्ये थबकले की दिवा किंवा खिडकी, यांपैकी जे डोळ्यांवर येत असेल ते. सपाट आणि झटक्यात आले, तर 'आता बोलणे पुरे'. हे मला सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागले. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी वही पाहिली, त्यांना ती आवडली, आणि त्यांनी लगेच त्यातल्या दोन नोंदी खोट्या ठरवल्या. आपल्याला जे ऐकायचे असते तेच ऐकू येते, असे सांगून त्यांनी मला प्रत्येक अर्थ बाबांच्या डाव्या अंगठ्याने 'हो' की 'नाही' असा तपासून घ्यायला लावला. त्यांच्याकडूनच कळले की बोलता न येणाऱ्या अनेकांना गाता येते, कारण सुरावटीच्या कामात मेंदूचा उजवा भाग मोठा वाटा उचलतो असे मानतात, आणि लयीत शब्द म्हणवून घेण्याची उपचारपद्धतही बॉस्टनमधील तज्ज्ञांनी १९७३ मध्येच मांडली होती. बाबांच्या बाबतीत त्या पद्धतीने फारसे साधले नाही. त्यांना शब्द परत मिळाले नाहीत. आम्हाला कान मिळाले.

एक 'नंतर' फक्त रात्रीचे होते, हलके, जवळजवळ श्वासाइतके. त्यावर मी पाणी दिले, पांघरूण सारखे केले, कूस बदलली, आणि अंगठा दर वेळी 'नाही' म्हणाला. तीन आठवड्यांनी, कंटाळून, मी अंधारातच 'आहे मी' असे म्हटले आणि अंगठा वर गेला. कोणी जागे आहे का, एवढेच त्यांना विचारायचे होते. आध्यात्मिक प्रकाश म्हणून माझ्यापाशी दाखवण्यासारखे काही असेल तर ते इतकेच आहे, आणि त्या वेळी दिवाही लावलेला नव्हता.

दादाच्या भाषणांत प्रकाशाची एक गोष्ट हमखास येते, म्हणून तिच्याविषयी लिहिणे भाग आहे. सिसिली साँडर्स लंडनमध्ये रुग्णालयात समाजसेविका होत्या, तेव्हा डेव्हिड तास्मा नावाचा एक पोलिश ज्यू निर्वासित कर्करोगाने मरणाच्या दारी होता. त्या त्याच्याजवळ बसून बोलत, आणि मरणाऱ्या माणसांसाठी कशी जागा असायला हवी याचा विचार त्या बोलण्यांतून सुरू झाला. १९४८ मध्ये तो गेला, त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवून. तुमच्या घराची एक खिडकी होईन, असे तो म्हणाला होता. दादा येथे थांबतो आणि श्रोते डोळे पुसतात. पुढचे तो सांगत नाही: त्या खिडकीभोवती इमारत उभी राहायला १९ वर्षे लागली. मधल्या काळात साँडर्स वैद्यकीय शिक्षण घेऊन १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या, वेदनाशामक औषधे वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने देण्यावर त्यांनी काम केले, पैसे उभे केले, आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू झाले. मरणाऱ्या माणसाच्या दुःखाने प्रकाश दिला म्हणायला माझी हरकत नाही. पण मग त्या १९ वर्षांचाही उल्लेख करावा.

आता 'शोधावे कसे' याविषयी. शोधू नये, असे मी म्हणेन. दिवसातून ४० मिनिटे हात रिकामे कसे होतील, याची व्यवस्था करावी: कोणाकडे तरी काम सोपवावे, कोणावर तरी रुसून ते करून घ्यावे, आणि त्या वेळात फोन दूर ठेवून आजारी माणसाजवळ किंवा अगदी परक्या माणसाजवळ नुसते बसावे. काही ऐकू येईल किंवा येणार नाही. आपण स्वतः कित्येक आठवडे नीट झोपलेल्या नसाल, कशाचेच काही वाटेनासे झाले असेल, तर मात्र करुणेचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. तो आजारही असू शकतो आणि त्यावर उपचार असतात.

दादाविषयी एक गोष्ट राहिली, ती आधीच लिहायला हवी होती. सहाव्या महिन्यापासून आठवड्यातल्या चार रात्रींसाठी आम्ही मदतनीस ठेवली आणि तिचा सगळा खर्च त्याने केला. त्या चार रात्रींच्या झोपेशिवाय वही झाली नसती, मला काकूंचे बोलणेही पटले नसते. मी त्यांना 'तुमचे तुम्ही बघा' असे सुनावले असते. प्रकाशातला त्याचा वाटा हा एवढा आणि असा होता. तो हे कधी सांगत नाही, कारण भाषणात ते शोभत नाही, आणि मीही त्याला अजून तोंडावर सांगितलेले नाही.

वहीत एकूण ३१ नोंदी आहेत. शेवटची बाबांच्या अखेरच्या दुपारची आहे. ते 'नंतर' आधीच्या कोणत्याही चालीत बसणारे नव्हते. वर चढले आणि मध्येच थांबले. मी रेघ काढली, पण अंगठा उचलण्याची शक्ती तेव्हा त्यांच्यात उरली नव्हती. दादाच्या मते त्याचा अर्थ 'पुन्हा भेटू' असा होता, आणि शोकसभेत त्याने तसे सांगितलेही. परवा त्याने फोनवर पुन्हा विचारले, वहीत अर्थ लिहिलास का. त्या रेघेपुढची जागा मी कोरी ठेवली आहे.