जानेवारीत जाऊन या

"मॅडम, ह्याला कायमचं पोर्तुगालला, लिस्बनला जायचंय. मे महिन्यात दहा दिवस फिरून आलो, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. हे वेड आहे, की मीच आडकाठी करतेय?" कासारवडवलीहून आलेल्या त्या बाईंनी खुर्चीत टेकता टेकताच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवरा शेजारी गप्प बसून होता. ठाण्यात समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे हल्ली वरचेवर येतो. देश तेवढा बदलतो.

अशी ओढ मी खोटी ठरवत नाही. उजेडाचा मनावर परिणाम होतोच. हिवाळ्यात येणाऱ्या उदासीचं १९८४ साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलं, त्यावर प्रखर प्रकाशाचा उपचारही मांडला. पण ते सूर्य लवकर मावळणाऱ्या थंड मुलखातलं. ठाण्यात पावसाळा सोडला तर उन्हाला काय तोटा?

नवऱ्याने एक्सेल करून आणली होती. ऑक्टोबर २०२२ पासून पोर्तुगाल घरून काम करणाऱ्या परदेशी लोकांना वेगळा व्हिसा देतं, त्यासाठी तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मिळकत लागते, घरभाडं किती, सगळं मांडलेलं. हिशेब पक्का होता. नौपाड्यात एकट्या राहणाऱ्या आईंची ओळ मात्र त्यात कुठेच नव्हती.

मी म्हटलं, "तिथली एक संध्याकाळ सांगा. फोटोतली नको."

ते बराच वेळ थांबले. "चढावर एक पायरी होती. खाली पांढऱ्या दगडांची फरसबंदी, झिजून गुळगुळीत झालेली. कॉफी घेऊन बसलो होतो. आठ वाजत आले तरी गुडघ्यावर ऊन होतं. ही काहीतरी सांगत होती आणि मी ऐकत होतो."

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

इथे ते सकाळी साडेसातला निघतात. घोडबंदर रोड, मग ऐरोली, काळ्या काचांचं ऑफिस. घरी येईतो दिवेलागण कधीच होऊन गेलेली. उपवन तलावावर शेवटचं कधी बसलात, तर दोघांनाही आठवेना.

डेव्हिड श्केड आणि डॅनियल काहनेमन या संशोधकांनी १९९८ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. उबदार कॅलिफोर्नियातली मुलं आणि उत्तर-मध्य भागातल्या थंड मिडवेस्टमधली मुलं आपापल्या आयुष्यावर सारखीच समाधानी निघाली, तरी कॅलिफोर्नियात लोक जास्त सुखी असणार, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. दुरून पाहताना हवाच डोळ्यांत भरते. धुणं, भाडं, आजारपण दिसत नाही. म्हणून मी अशा जोडप्यांना सांगते, निर्णय आत्ता घेऊ नका. त्या गावाच्या वाईट महिन्यात जा, हॉटेल न घेता भाड्याच्या घरात राहा, बाजारहाट स्वतः करा. तोवर इथे आठवड्यातून दोन दिवस ऑफिसातून लवकर निघून उपवनला बसा. हे दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे.

ती दोघं तीन आठवड्यांची रजा काढून जानेवारीत गेली. पाऊस लागला. जुन्या इमारतीतल्या घरात हीटर नव्हता, बाहेरपेक्षा आत जास्त गारठा. भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी, आणि कपडे आपल्याकडच्या जुलैसारखे दोन-दोन दिवस ओले. साडेपाचलाच सूर्य मावळायचा. "मॅडम, तेव्हा ठाण्यात सव्वासहापर्यंत उजेड असतो," हे त्यांनीच मला सांगितलं.

आणि तरीही आवडलं. यावेळी ते बाईंनी सांगितलं, मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. ओल्या कपड्यांसकट आवडलेल्या गावावर मी जास्त विश्वास ठेवते. उपवनला मंगळवार-शुक्रवार जाणंही त्यांनी सोडलेलं नाही, त्यामुळे आता घाई दोघांनाही नाही.

पुढच्या भेटीला नौपाड्याहून आई येणार आहेत. त्यांना अजून कुणी काही विचारलेलंच नाही.