घडीव, अनघड आणि घडणावळ

उरणला एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे बंदरातला माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्याकडे, काम करणाऱ्या वाचक ताईंनी विचारलंय: ‘न्हावा-शेव्याला अ‍ॅल्युमिनियमचा माल उतरला की मराठी टिपणात आमच्याकडे “अनरॉट”ला (unwrought, घडवायचा राहिलेला धातू) “कच्चा माल” आणि “रॉट”ला (wrought, घडवलेला धातू) “पक्का माल” लिहितात. मला ते खटकतं. “अनघड” लिहिलं तर चालेल का?’

ताई, खटकायलाच हवं. आणि ‘चालेल का’ काय विचारता, तोच शब्द आहे!

‘कच्चा माल’ हे तर मी जिथे तिथे ऐकतो. जकातीच्या, म्हणजे कस्टम्सच्या, वर्गवारीत वजनात किमान ९९.८५ टक्के तांबं असलं की ते शुद्ध तांबं ठरतं. अशा तांब्याची लगड ‘अनरॉट’ असते. तिला कच्ची म्हणायचं? आणि पत्र्याचं गुंडाळं ‘रॉट’, म्हणून ते पक्कं? भांडी करणाऱ्याला विचारा, त्याचा कच्चा माल तोच पत्रा. कच्चं-पक्कं हे घेणाऱ्याच्या नजरेवर ठरतं. वर्गवारीला नजर चालत नाही, तिला धातूच्या अंगावर काय काम झालंय तेवढंच बघायचं असतं. वर्गवारीच्या कोडांत ७६०१ म्हणजे अनघड अ‍ॅल्युमिनियम, ७६०४ सळया नि सेक्शन, ७६०५ तार, ७६०६ पत्रा, आणि पत्रा ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असला की ७६०७, म्हणजे फॉइल. हे आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील, पुढे जाऊ.

दुसरी चीड ‘रॉड आयर्न’ची. घोडबंदर रोडवरच्या निम्म्या बाल्कन्यांत ‘रॉड आयर्नचा झोपाळा’ टांगलाय म्हणे. सळयांचा दिसतो म्हणून रॉड! मूळ शब्द ‘रॉट आयर्न’, आणि तो झोपाळा तेही नाही, साधं माइल्ड स्टील आहे. खरं रॉट आयर्न, ज्याच्या पोटात धातुमळीचे (स्लॅगचे) तंतू असतात, ते व्यापारी प्रमाणावर बनवणारा इंग्लंडातल्या बोल्टनचा कारखाना १९७३ सालीच बंद झाला.

आता मुद्द्याचं. ‘रॉट’ म्हणजे काय? ‘वर्क’ या क्रियापदाचं जुनं भूतकाळी रूप, दुसरं काही नाही. जुन्या इंग्रजीत ते ‘वोर्हते’च्या जवळपास होतं. पुढे त्यातल्या र-काराने स्वराला ओलांडून पुढे उडी मारली आणि झालं ‘व्रोहते’, मग ‘रॉट’. आपण ‘नुकसान’चं ‘नुसकान’ करतो, तोच हा वर्णविपर्यय. ‘शिपराइट’ (जहाज बांधणारा), ‘प्लेराइट’ (नाटककार) यांमधला राइट याच उडीतून आला, आणि विमानवाल्या राइट बंधूंचं आडनावही. राइट म्हणजे कारागीर, घडवणारा. तेव्हा ‘रॉट’मध्ये हातोडा शोधू नका. त्याचा अर्थ एवढाच, की यावर काम झालंय.

आणि आपलं ‘घडणे’? संस्कृत ‘घट्’, प्राकृत ‘घडइ’. घट, घटना, संघटना, घडामोड, सुघड, दागिन्याचा घाट, सगळं एका घरातलं. पण खरी गंमत पुढे आहे. हिंदीत घडणे म्हणजे ‘गढ़ना’. मराठीत ‘घ’ महाप्राण, म्हणजे हकार मिसळलेला, आणि ‘ड’ अल्पप्राण, म्हणजे हकाराविना; हिंदीत नेमकं उलट. हकार पहिल्या अक्षरावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसला! आणि ही उडी आजची नाही. बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन आचार्याने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘घट्’ धातूची ‘गढइ’ आणि ‘घडइ’ अशी दोन्ही रूपं नोंदवून ठेवली आहेत. हिंदीने एक उचललं, आपण दुसरं. तिकडे इंग्रजीत र उडाला, इकडे ह उडाला, आणि दोन्हीकडे अर्थ तोच, हात लागलेली वस्तू. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा ठाणे स्टेशनवर माझी लोकल निघून गेली होती आणि त्याचं काही वाटलं नव्हतं.

म्हणूनच, ‘अनघड हा हिंदीतून आलेला शब्द, मराठीत अघटित लिहा’ असं सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे. माझे एक प्राध्यापक स्नेही हे दर भेटीत सांगतात. हिंदी शब्द ‘अनगढ़’ आहे हो, हकार कुठे आहे तो तरी बघा! ‘अनघड’मधला घ आपल्या घरचा आहे. राहिला ‘अन’, तर व्यंजनाआधी ‘अन’ लागलेला तुम्हाला ‘अनमोल’मध्ये चालतो, मग इथेच का टोचतो? आणि ‘अघटित’ म्हणजे आक्रीत. बंदरावर ‘वीस टन अघटित अ‍ॅल्युमिनियम’ उतरलं असं लिहून बघा, पोलीस येतील.

‘रॉट’ला मी ‘घडीव’ म्हणतो. त्यावर आक्षेप येतो तो असा, की त्यातून फक्त ठोकलेलं कळतं. अजिबात नाही. चिरा घडीव असतो, तो छिन्नीने. ‘-ईव’ प्रत्यय म्हणजे काम झाल्याची खूण: कोरीव, रेखीव, आखीव. त्याच चालीवर ठोकीव, लाटीव, ओढीव म्हणा आणि बघा सगळी वर्गवारी कशी स्वयंपाकघरात येते. पत्रा लाटतात, तार ओढतात, खिडकीचं सेक्शन चकलीसारखं सोऱ्यातून दाबून काढतात. हे सगळं घडीव. साच्यात नुसतं ओतलं, बिडाच्या तव्यासारखं, तर ओतीव.

खरं तर ‘रॉट’चा हिशोब तुम्ही सराफाकडे नेहमीच चुकता करता. पावतीवर सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी. दळणावळ, कांडणावळ, घडणावळ, सगळी कामाची मोलं. आणि परकीय चलनाच्या दराला जुने लोक काय म्हणत? हुंडणावळ. तुमच्या अख्ख्या आयात-निर्यातीला पुरेल इतकी मराठी या एका ‘-णावळ’मध्ये आहे, आणि आपण तिथे ‘मेकिंग चार्जेस’ लिहितो.

हां, तुमचं टिपण. ‘अनघड’ आणि ‘घडीव’ लिहा, शेजारी आठ आकडी कोड राहू द्या, कारण शुल्क त्यावर लागतं. एक मात्र सांभाळा. ओतलेल्या मालावर नुसती छाटणी केली किंवा वरचा पापुद्रा काढला, तर तेवढ्याने तो घडीव होत नाही. आणि तांब्याच्या ज्या वायर-बारची (तार ओढण्यासाठीच्या कांबीची) टोकं यंत्रात शिरावी म्हणून फक्त निमुळती केलेली असतात, तो हात लागूनही ७४०३ मध्ये, म्हणजे अनघड तांब्याच्या कोडातच, जातो. अनघडच.