नागरिकत्वाचा अर्ज चालू असला तरी व्हिसा संपू देऊ नका

दादा, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. पत्नी श्रीलंकेच्या, घर बोरिवलीत, लग्नाच्या आधारावर नागरिकत्वाचा अर्ज दिलेला, व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय आणि मदत केंद्रातले म्हणतात, 'अर्ज चालू आहे ना, मग मुदतवाढ कशाला?' आमच्या वहिनीलाही अगदी हेच सांगितलं होतं. ती फिलिपिन्सची.

मी वकील नाही, तुमचे कागदही पाहिलेले नाहीत. तरी सांगते, यावर विसंबू नका. अर्ज पडून असताना इथे राहायची परवानगी व्हिसाच देतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात रीतसर येऊन मुदतीनंतर थांबलेला परदेशी माणूसही 'बेकायदा स्थलांतरित' ठरतो, आणि ज्या कलम ५ खाली तुमचा अर्ज आहे त्यातून अशा माणसाला वगळलंय. त्या काळात मूल झालं तर त्याचं जन्मावरून मिळणारं नागरिकत्वही अडतं. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाचे एक पालक भारतीय असले, तरी दुसरे बेकायदा स्थलांतरित असून चालत नाही.

आमच्या त्या केंद्राचं नाव घेत नाही. माणसं वाईट नव्हती. पोरांचा शाळाप्रवेश, रुग्णालयात सोबत जाणं, सगळं मनापासून करायची. पण तिथल्या ताईंनी फाईलवर पिवळी चिठ्ठी चिकटवली, 'नागरिकत्व - चालू', आणि फाईल कपाटात गेली. व्हिसाच्या तारखेचा रकानाच त्यांच्या रजिस्टरात नव्हता. मुदत उलटल्यावर धावत गेलो, तर त्या ताई नोकरी सोडून गेलेल्या. नवा मुलगा म्हणतो, "आम्ही फक्त मार्गदर्शन करतो." अरे, मग ते तरी धड करा! सही नाही, शिक्का नाही, धरायचं कुणाला? पुढे दंड, खुलाशाची पत्रं, आणि प्रकरण मिटेपर्यंत देशाबाहेर जायची सोय नाही. सख्ख्या भावाचं लग्न वहिनीने मोबाईलवर पाहिलं. नागरिकत्वाच्या चौकशीला आलेल्या पोलिसांनीही आधी त्याच काळाबद्दल विचारलं.

तेव्हा ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाचं सरकारी संकेतस्थळ) व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज आजच टाका. भाड्याचं घर असेल तर करारनामा नोंदणीकृतच लावा आणि घरात परदेशी व्यक्ती राहते ही नोंद (पूर्वीचा फॉर्म सी) घरमालकाला ऑनलाइन भरायला लावा. कुरकुर करतील, पण जबाबदारी त्यांचीच आहे. जुने लेख वाचून चालू नका. १९४६ चा विदेशी नागरिक कायदा जाऊन २०२५ चा नवा आलाय. वर प्रतिक्रियांत कुणीतरी यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) कार्ड सुचवलंय. ते निर्वासितांसाठी, तुमचा मुद्दा वेगळा आहे. शिवाय भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे.

मला विचाराल तर नागरिकत्वाच्या आधी ओसीआय (परदेशी नागरिकाला भारतात कायम राहायची मुभा देणारं कार्ड) काढायला हवं होतं. लग्न नोंदवून दोन वर्षं झालेली असली की भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला अर्ज करता येतो (पाकिस्तान-बांगलादेशचा संबंध असेल तर नाही). सुरक्षा चौकशी होते, पण मिळालं की ही दरवेळची मुदतवाढ संपते. हे माझं मत, वकिलाला विचारूनच ठरवा.

वकील परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही. गेलात की व्हिसाची तारीख पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर ते लग्नाच्या दाखल्यापासून सुरुवात करतात.