मॉडेल म्हणजे प्रत्येक शास्त्रात वेगळं काही असतं का?

तुम्ही विचारलंय की भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र आणि आता एआय, सगळीकडे 'मॉडेल' म्हणतात, तर ही एकच गोष्ट आहे का? माझ्या मते नाही. मॉडेल कशाच्या जागी उभं आहे आणि त्याला काय विचारायचंय, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

मी नाशिकला स्थापत्यच्या मुलांना द्रवयांत्रिकी शिकवतो, म्हणून आधी पाण्याचंच सांगतो. दिंडोरी रोडवरच्या 'मेरी'त, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, धरणांच्या सांडव्यांची मॉडेल बांधून त्यांवरून खरं पाणी सोडतात. नुसतं लहान करून भागत नाही. 1:100 प्रमाण घेतलं तर फ्राउडच्या नियमाने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने वाहणाऱ्या पाण्याचं मॉडेल लहान करण्याच्या नियमाने, वेग शंभरावा नव्हे, दहावा हिस्सा होतो, आणि विसर्ग, म्हणजे सेकंदाला जाणारं पाणी, एक लाखावा. धरणावरून सेकंदाला 5,000 घनमीटर जाणार असतील, तर मॉडेलवरून 50 लिटर. पृष्ठताण आणि चिकटपणा मात्र त्या प्रमाणात कमी होत नाहीत. म्हणून पाण्याची पातळी, प्रवाहाची दिशा यांबाबत मॉडेलवर भरवसा ठेवता येतो. पाण्यात हवा किती मिसळेल हे विचारलं, तर ते कमीच दाखवतं. हे मुलांच्या गळी उतरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

पाणी पैशाच्या जागीही उभं राहू शकतं. 1949 मध्ये अर्थतज्ज्ञ बिल फिलिप्स यांनी लंडनमध्ये अर्थव्यवस्थेचं यंत्र दाखवलं. पारदर्शक टाक्या आणि नळ्यांमधून उत्पन्न वाहायचं. कर, बचत, आयात वेगळ्या वाटांनी निघून जायची. फार सुंदर कल्पना!

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत हवामान केंद्रं दिसतात, त्यांच्या मागचं मॉडेल मात्र निव्वळ गणित असतं. तापमान, आर्द्रता, पाऊस, पान किती तास ओलं राहिलं, यांवरून डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचा धोका काढतात. काल फवारणी झाली, हे आपण सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही. एआयची भाषा-मॉडेलंही गणितच: आधीच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे ती काढतात. वाक्य ओघवतं आलं म्हणून त्यातली माहिती खरी असेलच असं नाही.

जीवशास्त्रात तर जिवंत प्राणीच मॉडेल असतो. फळमाशीत जनुकांचं काम समजून घेतात, कारण तशीच बरीच जनुकं माणसातही आहेत.

तर्कशास्त्रात मात्र सगळं उलटं. आधी गृहीतकं मांडायची. ती ज्या रचनेत खरी ठरतात, ती रचना म्हणजे मॉडेल. रेषेबाहेरच्या एका बिंदूतून तिला अनेक समांतर रेषा काढता येतात, असं मानणारी भूमिती लोकांना अशक्य वाटायची. 1868 मध्ये इटालियन गणितज्ञ बेल्त्रामी यांनी युक्लिडच्या, म्हणजे आपण शाळेत शिकतो त्या, भूमितीतच तिचं मॉडेल उभं करून दाखवलं. म्हणजे युक्लिडची भूमिती विसंगत नसेल, तर हीसुद्धा नाही. इथे मॉडेल खऱ्या वस्तूशी किती जुळतं, हा प्रश्नच उद्भवत नाही.