पीएस५ डिस्कचाच घ्यावा आणि सबस्क्रिप्शनची घाई करू नये

आपण विचारले आहे की बारा वर्षांच्या मुलासाठी पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम खेळण्याचा कन्सोल, घ्यायचा तर डिस्कचा घ्यावा की त्याहून स्वस्त असलेला, डिस्कची सोय नसलेला डिजिटल, त्याबरोबर ऑनलाइन सबस्क्रिप्शन घेणे भाग आहे का, आणि पीएस२ वर खेळताना आपल्याला जी मजा येत असे ती आजच्या गेममध्ये का येत नाही. माझ्या मते या तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. आजकाल गेमचे पैसे आपण मोजतो, पण त्याची किल्ली विकणाऱ्याच्या खिशातच राहते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: डिस्कचाच घ्यावा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात वर्ष संपले की मुले जुनी पाठ्यपुस्तके विकून पुढच्या इयत्तेची घेतात, तसाच डिस्कचा व्यवहार चालतो. पीएस५ चा नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास पडतो, आणि माझ्या भाच्याने आजवर खेळलेल्या गेमपैकी निम्मे तरी मित्रांशी अदलाबदल करून मिळवलेले आहेत. डाउनलोड केलेला गेम असा हातोहात फिरत नाही, कारण आपल्याला मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना. कॅलिफोर्नियाने तर २०२५ च्या जानेवारीपासून ऑनलाइन दुकानांना ‘विकत घ्या’ असे लिहायचे असल्यास ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगण्याचे कायद्याने बंधन घातले आहे. मात्र डिस्क हाती आली म्हणजे सगळे आपले झाले, असेही समजू नये. २०२३ च्या अखेरीस आलेल्या स्लिम पीएस५ ला डिस्क ड्राइव्ह मागाहूनही जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते; आणि निन्टेन्डोच्या स्विच २ या कन्सोलची काही गेम कार्डे अशी आहेत, की त्यांच्यात गेम नसतोच, तो डाउनलोड करण्यापुरती किल्ली असते.

याचा अर्थ काय होतो, ते गेल्या दिवाळीत घरीच पाहिले. भाचा आपला कन्सोल घेऊन वाईजवळच्या आमच्या गावच्या घरी आला, सोबत वेष्टणही न फोडलेली एक नवी डिस्क होती. डिस्क आत गेली, कॉपी होण्याची पट्टी हळूहळू भरली, आणि मग पडद्यावर सूचना आली की अडतीस जीबीचे अपडेट घेतल्याशिवाय खेळता येणार नाही. बरेचसे गेम अपडेटवाचून सुरू होतात. हा होत नव्हता. गावात इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट, दिवसाला दोन जीबी. पोराने हिशेब केला आणि म्हणाला, “मामा, एकोणीस दिवस लागतील, आणि सुट्टी तर अकराच दिवसांची आहे.” शेवटी मी माळ्यावरून पीएस२ काढला. आईच्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना लावायची सोय सुदैवाने अजून होती. डिस्क सदऱ्याला पुसून घातली, मेमरी कार्डावर माझा २००६ सालचा सेव्ह, म्हणजे तेव्हा जपून ठेवलेला खेळ, जसाच्या तसा निघाला, आणि भाचा व त्याची बहीण एकाच पडद्यापुढे बसून जेवणाची हाक येईपर्यंत भांडत खेळले.

आता आपल्याला वाटेल की हा म्हातारा होत चाललेल्या माणसाचा जुन्या दिवसांचा उमाळा आहे. तसे नाही; इंटरनेटचा उत्तम उपयोग करणारे गेमही मी भरपूर खेळलो आहे. २००९ साली पीएस३ वर आलेल्या ‘डीमन्स सोल्स’मध्ये अनोळखी खेळाडूंनी जमिनीवर लिहून ठेवलेले निरोप आपल्याला दिसत, आणि कुठे रक्ताचा डाग दिसला की त्याला स्पर्श करून तिथे कोण कसा मेला हे पाहता येई. एकट्याने खेळतानाही सोबत असल्यासारखे वाटे. त्याचे सर्व्हर, म्हणजे खेळाडूंना ऑनलाइन जोडणारे कंपनीचे संगणक, २०१८ मध्ये बंद झाले, ते निरोप गेले, पण गेम आजही डिस्कवरून खेळता येतो. याच्या उलट २०१४ चा युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ पाहा. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गाडी हाकण्याचा हा गेम एकट्याने खेळण्याची कथा असूनही सतत सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाला आणि डिस्क बाळगणाऱ्यांच्या हाती प्लॅस्टिकची चकती उरली. विकलेले गेम असे बंद पाडू नयेत म्हणणारी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ यातूनच उभी राहिली, आणि युरोपीय संघाकडे केलेल्या तिच्या नागरिक अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. दोन्ही गेम ऑनलाइनच होते. एकाच्या रचनेत इंटरनेट नसेल तेव्हाचाही विचार होता, दुसऱ्याच्या नव्हता. मी नवा गेम घेताना सर्वांत आधी हेच तपासतो.

सबस्क्रिप्शनचे थोडक्यात सांगतो. पीएस३ वर ऑनलाइन खेळणे फुकट होते. २०१३ मध्ये पीएस४ आला आणि त्यासाठी प्लेस्टेशन प्लस हे सोनीचे सबस्क्रिप्शन घ्यावे लागू लागले. मात्र ‘फोर्टनाइट’सारख्या मुळातच फुकट असलेल्या गेमना ते लागत नाही. मुलाला मित्रांबरोबर फुटबॉल खेळायचे असेल तर सर्वांत खालची एसेन्शियल पायरी पुरेशी आहे. वरच्या पायऱ्यांवर शेकडो गेम दिसतात खरे, पण बारा वर्षांच्या शाळकरी मुलाला ते खेळायला वेळ कुठून मिळणार? शिवाय सुरुवातीला स्वस्तात जोडणी देऊन मग दर वाढवणारा केबलवाला आपल्याला आठवत असेलच: मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलच्या गेम पास अल्टिमेट या सबस्क्रिप्शनचा अमेरिकेतील मासिक दर ऑक्टोबर २०२५ मध्ये १९.९९ डॉलरवरून एकदम २९.९९ झाला.

ऑनलाइन खेळण्यासाठी पैसे भरण्यापूर्वी मुलाला हव्या असलेल्या गेमचा सर्व्हर मुंबईत आहे की सिंगापूरला, हेही विचारून घ्यावे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो आणि मुंबई-सिंगापूर अंतर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, म्हणजे नुसत्या ये-जा करण्यातच ४० मिलिसेकंद गेले. सेकंदाला साठ फ्रेम (चित्रे) दाखवणाऱ्या मारामारीच्या गेममध्ये एवढ्या अवधीत दोनाहून अधिक फ्रेम उलटून जातात, आणि ही उणीव कितीही महागडे ब्रॉडबँड घेतले तरी भरून निघत नाही.

राहिला मजेचा प्रश्न. गेम कायमचा चालू ठेवायचा ठरले की खेळाडू रोज यावा म्हणून रचनाच बदलावी लागते: आज आलात तर हे बक्षीस, हंगाम संपण्यापूर्वी इतके तास भरले नाहीत तर गेममधल्या पात्राचा तो पोशाख गेला. हा खेळ नव्हे, हजेरीपट आहे. सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ याच पठडीतला गेम २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला बंद करून लोकांना पैसे परत द्यावे लागले. त्याच सप्टेंबरात आलेला, एकट्याने खेळायचा ‘ॲस्ट्रो बॉट’ मात्र त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम ठरला. अपडेटमुळे भलेही होते हे मान्य केले पाहिजे. २०१६ मध्ये शिव्या खाल्लेला ‘नो मॅन्स स्काय’ त्याच्या निर्मात्यांनी वर्षानुवर्षे फुकट अपडेट देऊन नावारूपाला आणला. पण अर्धवट गेम विकून तो नंतर पुरा करण्याची मुभाही त्याच सोयीने दिली, आणि पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणारा ग्राहक फुकटचा परीक्षक होऊन बसला. म्हणून मी नवा गेम चार-सहा महिने थांबून घेतो.

आपल्या मुलासाठी ‘ॲस्ट्रो बॉट’ची डिस्क घ्यावी आणि आपण स्वतः त्याच्याबरोबर ‘इट टेक्स टू’ खेळावा. तो दोघांशिवाय खेळताच येत नाही आणि एकाच टीव्हीवर, एकाच सोफ्यावर चालतो. दुसरा कंट्रोलर मात्र लागेल, तो खर्च आधीच धरून ठेवा. मुलाचे खाते आपल्या खात्याखाली बालकाचे म्हणून उघडा आणि त्याची मासिक खर्चमर्यादा शून्यच राहू द्या. तो कुरकुर करील. भाच्यानेही केली होती.