‘कमी शिट्टी वाजवणारे बदक’? अडई म्हणा!

प्रश्न असा आला आहे: ‘एका तलावाकाठच्या माहितीफलकावर एका पक्ष्याचं नाव “कमी शिट्टी वाजवणारे बदक” असं वाचलं. हे बरोबर आहे का? आणि बदक पुल्लिंगी की नपुंसकलिंगी?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी उरकतो. ते बदक, ती बदकं. ‘तो बदक’ कानावर पडतं हल्ली, पण कोण बोलतं म्हणून ते मराठी होत नाही. शब्द फारसीतून आला. ‘बत’ला लघुत्वदर्शक ‘क’ लागून बतक, आपल्याकडे त चा द झाला. हिंदीत त्याचं बतख झालं. यात फार रमण्यासारखं काही नाही.

आता फलक. असं भाषांतर करणाऱ्याने तो पक्षी पाहिलेला नाही, आणि इंग्रजी नावही धड वाचलेलं नाही. ‘लेसर व्हिसलिंग डक’मधलं ‘लेसर’ शिट्टीला लागत नाही, पक्ष्याच्या आकाराला लागतं. याच जातकुळीतला थोडा मोठा भाऊ आहे, म्हणून हा लहान. शिट्टी तर हा इतकी वाजवतो की रात्री डोक्यावरून थवा गेला तरी न बघता ओळखावा. मराठीत याला सरळ, सुटसुटीत नाव आहे: अडई. मोठ्या भावाला मोठी अडई. आपल्याकडे हळदीकुंकू (चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन तांबडे ठिपके), थापट्या, तलवार, नकटा अशी एकाहून एक देखणी बदकनामं असताना फलक लिहिणाऱ्यांना इंग्रजीचा शब्दशः उतारा का लागतो, हे मला न सुटलेलं कोडं आहे. बरं, त्याच फलकांवर वारकरी आणि टिबुकली या पाणपक्ष्यांनाही बदकांत बसवलेलं असतं. वारकऱ्याच्या बोटांना सुटे पाळे असतात आणि चोच कोंबडीसारखी टोकदार. त्याचं गोत पाणकोंबडीचं. पाण्यावर तरंगतं ते सगळं बदक नव्हे.

पण मला बोलायचंय ते अडईबद्दल. हा शब्द माझ्या मते मराठीतल्या सर्वांत जुन्या पक्षिनामांपैकी एक आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा-उर्वशीचं संवादसूक्त आहे (१०.९५). त्यात अप्सरांबद्दल म्हटलंय, ‘ता आतयो न तन्वः शुम्भत स्वाः’. आतींप्रमाणे त्या आपली शरीरं सजवतात. शतपथ ब्राह्मणात हीच गोष्ट सविस्तर येते. कुरुक्षेत्रात अन्यतःप्लक्षा नावाचं कमळांचं तळं, त्यात अप्सरा ‘आति’ होऊन पोहताहेत, आणि उर्वशीच्या विरहाने वेडापिसा झालेला राजा पुरूरवा काठाकाठाने हिंडतोय. ही आति कोण? ऋग्वेदाच्या इंग्रजी भाषांतरात ग्रिफिथने ‘हंस’ लिहिलं, शतपथाच्या भाषांतरात एगलिंगनेही ‘हंस’. अप्सरा म्हटलं की युरोपी मनाला हंसच सुचणार! पण वेदाला हंस म्हणायचं असतं तर ‘हंस’ शब्द होता की हाताशी. ऋग्वेदात तो कितीदा तरी येतो.

खरी गंमत पुढे आहे. लॅटिनमध्ये बदकाला ‘अनास’, षष्ठीत ‘अनातिस’. जर्मनमध्ये ‘एन्टे’, लिथुआनियनमध्ये ‘आंतिस’. बदककुलाचं शास्त्रीय नाव ‘अनाटिडे’ याच लॅटिन शब्दावरून. आपली ‘आति’ या सगळ्यांची सख्खी बहीण. मधला न कुठे गेला? जन् धातूचं ‘जात’ होताना जिथे जातो तिथेच. हा न मुळात स्वरासारखा वागणारा, म्हणजे नासिक्य स्वर; तो संस्कृतात दीर्घ आ होऊन बसतो; लॅटिनने ‘नातुस’मध्ये न राखला, आपण ‘जात’मध्ये आ. नियम तोच, आणि हे भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे, माझं नाही.

माझं इथून सुरू होतं. आतीचं पुढे आटि आणि आडि झालं. अमरकोशात ‘शरारिराटिराडिश्च’ (शरारिः, आटिः, आडिः च) असे दोन्ही उच्चार शेजारी बसलेत. पतति चं ‘पडतो’ झालं तसाच हा त चा ड. आडीला स्वार्थी, म्हणजे अर्थ न बदलणारा, प्रत्यय लागून शब्द लांबला, आणि लांबला की पहिला आ आखडतो: आंबा पण अमराई, कापूस पण कपाशी. तशी आडीची अडई. शेवटच्या ‘अई’चा सांधा जरा ढिला आहे हे मला ठाऊक आहे, पण अर्थ आणि ध्वनी इतके जवळ असताना योगायोग म्हणायला मी तयार नाही.

यावर हमखास कोणी मोनिअर-विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश नाचवत येतं. तिथे आटीचा अर्थ ‘टर्डस जिंजिनियानस’ दिलाय. म्हणजे कोण? नदीच्या दरडीत बिळं करून राहणारी मैना! नाव आपल्या राजारामांच्या जिंजीवरून, एवढं सोडलं तर कौतुकाचं काही नाही. ही मैना कमळांच्या तळ्यात पोहते? मार्कंडेय पुराणात वसिष्ठ बारा वर्षं पाण्यात तप करून बाहेर येतात, हरिश्चंद्राचे हाल ऐकून विश्वामित्राला ‘बगळा हो’ म्हणतात, आणि विश्वामित्र त्यांना उलट ‘आडी हो’ म्हणतो. मग दोघांची लढाई जुंपते, ती थांबवायला ब्रह्मदेवाला यावं लागतं. बगळ्याशी भिडायला पाणपक्षीच हवा, मैना कशाला?

उलट अडईला ठेवून बघा. हिला गवत-कमळांनी भरलेली तळी लागतात. ही थव्याने राहते, झाडांवर बसते, ढोलीत अंडी घालते. बहुतेक बदकांत नर मादीला अंड्यांवर सोडून निघून जातो आणि पिसं झडून भुरकट होतो. अडईत नर-मादी दिसायला सारखे, अंडी दोघं मिळून उबवतात. शास्त्रज्ञांनी हिच्या प्रजातीला ‘डेंड्रोसिग्ना’ म्हणजे ‘झाडावरचा हंस’ म्हटलंय, त्यामुळे ग्रिफिथ साहेबांनाही अगदीच मोकळ्या हाताने परत पाठवायला नको. मात्र आति म्हणजे नेमकी अडईच, दुसरं कुठलं बदक नाही, हा माझा हट्ट आहे. त्याला पुरावा कमळांचा आणि थव्याचा, त्यापलीकडचा नाही.

भंडारा-गोंदियाच्या तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढिवर मंडळींपैकी कोणी हे वाचत असेल, तर तुमच्या घरात या पक्ष्याला काय म्हणतात ते कळवा. आजीच्या तोंडचा उच्चार हवा, पुस्तकातून उतरवलेला नको. त्यात ‘आडी’ किंवा ‘आडय’ सापडलं, तर मैनावाल्यांशी पुढचं बोलणं मी करीन.